माझ्या वाक्यावर काठी

भाऊजींवरचा माझा संशय किती जुना आहे, ते मी प्रयोगाच्या आकड्यासकट सांगू शकते. एकशे बारावा प्रयोग, दुसरा अंक. माझ्या अख्ख्या भूमिकेतलं सगळ्यात चांगलं वाक्य ओठांवर आलं होतं आणि या गृहस्थांनी काठी आपटली. ठक्! प्रेक्षकांच्या माना काठीकडे वळल्या, मग माझ्याकडे. गेला असेल अर्धा क्षण, पण आमच्या धंद्यात माणसं त्या अर्ध्या क्षणासाठीच म्हातारी होतात.

पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या प्रयोगात तिथेच पुन्हा ठक्. त्याच्या पुढच्या प्रयोगात आणखी दोन ठिकाणी. चूक एकदा होते. तीनदा होतं त्याला बेत म्हणतात.

हे भाऊजी माझे दीर नव्हेत, सख्खे नाहीत आणि चुलतही नाहीत. सत्तावीस वर्षांपूर्वी एका नाटकात ते माझे दीर झाले होते. ते नाटक आठ प्रयोगांत आपटलं, नातं मात्र टिकलं. त्यानंतर ते चार वेळा माझे नवरे झाले, एकदा बाप झाले, एकदा त्यांनी माझा खूनही केला, तरी विंगेत आले की मी वहिनी आणि ते भाऊजी. आमचे हे होते तेव्हा वैतागायचे. म्हणायचे, "या माणसाला माझा भाऊ करताना मला कुणी विचारलं होतं का?"

भाऊजींचा आवाज ही आमच्या संस्थेची शान होती. गार, मऊ, जड. साधं "पाणी आण" म्हणाले तरी बायका पदर सावरायच्या. माणूस मात्र शामळू, वर मान करून बोलणार नाही. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते असंच, हे मला त्या काठीनंतर कळलं.

कुणी म्हणेल, एका काठीचं एवढं काय? त्याला आमच्या मास्तरांची शाळा माहीत नाही. मी सतराव्या वर्षी त्यांच्याकडे गेले. आवाजाची परीक्षा घ्यायला ते रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत वर्तमानपत्र उघडून बसायचे. मी रंगमंचावरून बोलायचं. शब्द पोचला तर पेपर खाली यायचा, नाहीतर मास्तर पान उलटायचे. पहिला महिनाभर त्यांनी शांतपणे पेपर वाचला. पण त्याहून मोठा धडा होता तो गप्प बसण्याचा. दुसऱ्याच्या वाक्यावर हलायचं नाही. बोट हलवायचं नाही, पदर सारखा करायचा नाही, खोकला आला तर गिळायचा. मास्तर तळहातावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचे आणि समोरच्याचं लांबलचक भाषण संपेपर्यंत तसंच बसवायचे. थेंब सांडला की फरशी पुसा आणि पहिल्यापासून सुरू करा. "दुसऱ्याचं वाक्य म्हणजे दुसऱ्याचं ताट," ते म्हणायचे. "त्यात हात घालणारा नट नव्हे, चोर."

भाऊजी याच मास्तरांचे विद्यार्थी. माझ्याआधी सहा वर्षांचे. म्हणजे चोरी काय असते ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

मग मी त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. रंगमंचावर असेपर्यंत त्यांच्या तोंडावरून डोळे हलवायचे नाहीत असं ठरवूनच टाकलं. जे दिसलं ते काही चांगलं नव्हतं. एक तर त्यांनी काठीच्या टोकाचं रबर काढून टाकलं होतं. मेकअपच्या खोलीत काठी कोपऱ्यात उभी होती, तेव्हा मी स्वतः हात लावून पाहिलं. खाली नुसतं लाकूड. घसरून पडू नये म्हणून म्हातारी माणसं रबर लावून घेतात आणि हे काढून ठेवतात, ते कशासाठी? आवाज मोठा व्हावा म्हणूनच ना? दुसरं म्हणजे ते दर महिन्याला एकेक पट्टी वर चढत होते. ज्या वाक्याला पूर्वी नुसता उसासा टाकायचे, ते आता खणखणीत बोलू लागले. एका समीक्षकानं लिहिलं, "या ज्येष्ठ नटाचं काम पाहायला तिकीट काढायची गरज नाही, बाहेर उभं राहिलं तरी ऐकू येतं." मी ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. खोटं कशाला बोलू, रोज साडी काढताना वाचायचे.

तिसरी गोष्ट मात्र मला कोड्यात टाकणारी होती. ते आपली प्रकाशातली जागा सोडून पुढे यायचे आणि प्रेक्षकांकडे पाठ करून थेट माझ्यासमोर उभे राहायचे. प्रेक्षकांना त्यांचं टक्कल आणि माझा चेहरा. आता, जो माणूस दुसऱ्याचा घास पळवायला निघालाय तो स्वतःचं तोंड कशाला झाकेल? पण संशयाला असल्या प्रश्नांशी देणंघेणं नसतं. मी म्हटलं, यातही काहीतरी डाव असणार, आपल्याला अजून कळलेला नाही एवढंच.

त्यात घरात वेगळंच पाणी मुरत होतं. माझी लेक माझ्याकडेच राहते. ती हल्ली फोन आला की स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजायची. पूर्वी असं नव्हतं. आमच्या घरात सगळे मोकळ्या गळ्यानं बोलायचे. एकदा ती अंघोळीला गेली असताना तिचा फोन उजळला, आणि त्यावर नाव काय? "काका". म्हणजे भाऊजी. तिचा बाप गेल्यापासून ती त्यांना काका म्हणते.

"काय म्हणत होते गं तुझे काका?" मी विचारलं.

"काही नाही आई, सहजच."

सहज! एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी सहज घडलेली एकही गोष्ट पाहिलेली नाही.

मग आठवड्याभरात तिनं टीव्हीचा विषय काढला. टीव्हीचा आवाज फार मोठा असतो, शेजारी तक्रार करतात, आणि एकदा कान दाखवून घेऊ या. मी तिथेच तिला थांबवलं. "चव्वेचाळीस वर्षं मी काम करते आहे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मला माझं वाक्य सुचलेलं असतं. माझे कान तपासणारा अजून जन्माला यायचाय." मला डाव दिसला. आधी कान, मग गुडघे, मग "आई, आता पुरे झालं, आराम कर". आणि माझ्या जागी कोण, तर भाऊजींच्या हाताखाली तयार झालेली कुणी तरणी पोरगी. नाहीतरी हल्ली मी खोलीत शिरले की माणसं आवाज खाली आणायची. तालमीत, मेकअपच्या खोलीत, तिकीट खिडकीपाशीसुद्धा. माझ्याबद्दल बोलत नसतील तर खाली कशाला आणतील?

अशात ती सिनेमावाली आली.

पडदा मला नवा नव्हता. पस्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि मास्तरांच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडले. कॅमेरामन हात जोडून म्हणाला, "ताई, कॅमेरा इथेच आहे. तो शेवटच्या रांगेत बसलेला नाही." मग मी लहान व्हायला शिकले. नुसती पापणी हलवून काम कसं करायचं, नजर किती वळवायची, खुणेच्या पट्टीवर खाली न बघता पाय कसा ठेवायचा, सगळं शिकले. आणि एवढं शिकून काय केलं? पंचवीस वर्षं चहा आणला. कुणाची तरी आई, हातात ट्रे, "घ्या, गार होईल" आणि बाहेर. माझं रंगमंचावरचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटत असेल, या बाईला दुसरं काही येत नाही.

ही दिग्दर्शिका माझ्या लेकीहूनही लहान. नाटक पाहून आत आली आणि म्हणाली, "ताई, माझ्या सिनेमात पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत तुम्ही आहात." मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला, नाहीतर रडले असते. पहिल्यापासून शेवटपर्यंत! ही भूमिका हातची गेली तर पुन्हा चहाचा ट्रे आणि त्यानंतर तोही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग ती वळली आणि म्हणाली, "आणि भाऊजी, तुम्ही यांचे पती. चारच प्रसंग आहेत, पण महत्त्वाचे." दुधात मिठाचा खडा पडला.

वाचनाला आम्ही तिच्या कार्यालयात एका लांब टेबलाभोवती बसायचो. नव्या पिढीचे नट पुटपुटतात. ओठ जेमतेम हलवायचे, शब्द कॉलरमध्ये सांडायचे, याला म्हणे सहज अभिनय. माझं काही अडलं नाही. मास्तरांच्या शिस्तीप्रमाणे मी आख्खी संहिता पाठ केली होती, स्वतःची वाक्यं आणि दुसऱ्यांचीही. ओठ थांबले की माझी पाळी. भाऊजी कधी माझ्या शेजारी बसले नाहीत, नेमके समोर येऊन बसायचे. आणि तिसऱ्या दिवशी ते दिग्दर्शिकेला काय म्हणाले असतील?

"मला वाटतं, या माणसाचा गुडघा दुखत असावा. काठी मिळाली तर बरं."

संहितेत गुडघ्याचं नावसुद्धा नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण हे तर भांडं डोक्यावर घेऊन आले होते. दिग्दर्शिका बिचारी खूश. म्हणाली, "वा, किती बारीक विचार करता!" मी मनात म्हटलं, बारीक विचार मी करते, थांबा.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी लेकीनं रजा काढली आणि माझ्याबरोबर आली. मी नको म्हणत होते. एका मोठ्या शेडमध्ये घर उभारलं होतं. लाकडी चौकटीवर फळ्या ठोकून जमीन केलेली, तीन भिंती, एक खिडकी. प्रसंग सिनेमातला सगळ्यात अवघड, आणि या पोरीनं तोच आधी घेतला. मी खिडकीशी उभी, कॅमेरा खिडकीबाहेरून माझ्या चेहऱ्यावर. भाऊजी माझ्या पाठीमागे खुर्चीत, धूसर. ते सांगतात की त्यांनी घर विकलं. त्यांनी थांबत थांबत पाच वाक्यं बोलायची, शेवटचं वाक्य "काल सही केली". मी वळायचं नाही. रडायचं नाही. फक्त विचारायचं, "चाव्या कुणाकडे द्यायच्या?" या एका वाक्यासाठी मी ती भूमिका घेतली होती.

तालीम झाली. पाठीमागे भाऊजी बोलले आणि शेवटी ठक्! फळ्यांमधून तो ठोका माझ्या तळपायांत आला. माझं वाक्य ठीक जागेवर पडलं, पण डोक्यात सणक गेली. पुन्हा तालीम, पुन्हा ठक्. माझ्या वाक्याच्या तोंडावर. पंचवीस वर्षं ट्रे धरून मिळवलेल्या वाक्यावर!

मी वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे बघ बाळ, एकतर यांची काठी राहील, नाहीतर मी. हे माझ्या वाक्यावर मुद्दाम ठोका मारतात. तीन वर्षं मी सहन केलं. नाटकात चोरी केली ती केली, इथे चालणार नाही."

दिग्दर्शिकेनं साउंडवाल्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले, म्हणजे त्याला काही अडचण नव्हती. पण ती मला दुखावणार नव्हती. म्हणाली, "भाऊजी, काठी बाजूला ठेवू या का?"

आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा भाऊजी अडून बसले. "राहू दे ना. फार तर हळू टेकवीन. काठीशिवाय हा प्रसंग होणार नाही."

"न व्हायला काय झालं?" मी म्हटलं. "गुडघा तुमचा दुखतो, वाक्य तर माझं आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीनं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? कुणीतरी येऊन काठी घेऊन गेलं. मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका.

पहिला टेक. मी खिडकीबाहेर पाहत होते. मनातल्या मनात त्यांची पाच वाक्यं म्हणत होते, त्यांच्याच चालीनं. संपली, आणि मी म्हणाले, "चाव्या कुणाकडे द्यायच्या?" कॅमेऱ्यामागे दिग्दर्शिकेचा हात वर गेला. कट.

"ताई, थोडी घाई झाली. त्यांचं व्हायचं होतं."

दुसऱ्या टेकला मी थांबले. जास्त थांबले. तिसऱ्याला पुन्हा त्यांच्यावर चढले. चौथ्याला वाट पाहत राहिले, आणि खिडकीबाहेरच्या सगळ्या माणसांची तोंडं माझ्याकडे लागलेली दिसली, तेव्हा कळलं की माझी पाळी कधीच येऊन गेली. असे सहा टेक गेले. आयुष्यात माझं वाक्य कधी चुकलं नव्हतं.

मग लख्ख उजेड पडला. हा माणूस दर वेळी वेग बदलतोय! काठी काढून घेतली म्हणून दुसरं हत्यार. माझी पाठ त्याच्याकडे, मला दिसत नाही, त्याचा फायदा घेतोय.

दिग्दर्शिकेनं अर्ध्या तासाची सुटी जाहीर केली. मी पाहिलं, ती आणि निर्मात्याचा माणूस एका बाजूला डोक्याला डोकं लावून बोलत होते. भाऊजी त्यांच्याकडे गेले, काहीतरी म्हणाले, हात जोडले. मग ते माझ्या लेकीला घेऊन दिव्यांच्या पेट्यांमागे गेले. ही माझी लेक! हिला पोटात घेऊन मी नऊ महिने प्रयोग केलेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

रडत बसणाऱ्यांतली मी नाही. पुरावा हवा होता, आणि पुरावा साउंडवाल्याकडे होता. तो आपल्या पेटीपाशी बसून डबा खात होता. मी म्हटलं, "दादा, सगळे टेक मला ऐकव. एका मागोमाग एक. भाऊजी दर वेळी वेग कसा बदलतात ते मला त्या पोरीला दाखवायचंय."

"ते बदलत नाहीत, ताई," असं काहीसं तो म्हणाला असावा. मी कानांवर हेडफोन चढवले. त्यानं बटण दाबलं.

"मोठं कर," मी म्हटलं. त्यानं केलं. "अजून." तो माझ्याकडे बघायला लागला. "अजून कर रे!" त्यानं आवाजाचं बटण पार टोकाला फिरवलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, कारण माझ्या कानांत कुणीतरी बोलायला लागलं होतं.

फाटलेला आवाज होता. प्रत्येक शब्दाचा काठ उसवलेला, मधेच विरणारा, पुन्हा ओढून ताणून वर काढलेला. कुणीतरी ओरडून ओरडून घसा सोलून घेतलेला म्हातारा. "तुला सांगायचं राहून गेलं," तो म्हणत होता.

मी एक कान मोकळा केला. "हा कोण बोलतोय? दुसऱ्या कुणाचा आवाज घातलास का?"

साउंडवाल्यानं डबा खाली ठेवला. माझ्यासमोर येऊन, तोंड नीट माझ्याकडे करून तो म्हणाला, "ताई, भाऊजी आहेत ते."

मी पुन्हा हेडफोन लावले. पहिला टेक, दुसरा, तिसरा. सहाही टेकमध्ये तीच पाच वाक्यं, त्याच जागी तेच थांबणं, घड्याळ लावून घ्यावं असं. मास्तरांचा विद्यार्थी. आणि त्यांच्यावर कुठेही, कशीही पडणारी एक बाई. कधी वाक्यात घुसणारी, कधी सगळं संपल्यावर गप्प उभी राहणारी. ती मी होते.

सहावा टेक संपला. साउंडवाला थांबवायला पुढे झाला, मी त्याचा हात धरला. कारण आवाज चालूच होता. सुटी झाली तरी भाऊजींच्या कॉलरचा माइक कुणी काढला नव्हता, आणि पेटी चालूच राहिली होती. कापड घासल्याचा आवाज, पावलं. मग दिव्यांच्या पेट्यांमागचं ते बोलणं, ज्यासाठी मी जीव टाकत होते, ते थेट माझ्या कानांत आलं.

"काका, आता तरी आईला सांगू या," माझी लेक म्हणत होती. रडत होती. "मला नाही बघवत."

"काय सांगायचं? ‘वहिनी, तुम्हाला ऐकू येत नाही’ असं? अगं, त्या उद्यापासून रंगमंचावर पाऊल ठेवणार नाहीत. मी ओळखतो वहिनींना."

"आणि तुमचा घसा? डॉक्टर किती वेळा म्हणाले, ओरडणं बंद करा."

"पहिल्यांदा आवाज चढवला तेव्हा वाटलं होतं, दोनचार प्रयोगांचा प्रश्न आहे. सर्दीबिर्दी झाली असेल त्यांना. मग ठोका द्यायला लागलो. लाकडातनं पायांना कळतो तो. दोनशे तीस प्रयोग निभावले की नाही?"

"ती तुम्हाला चोर म्हणते, काका! घरीदारी, सगळ्यांना सांगते."

भाऊजी हसले. त्या फाटक्या आवाजातलं हसणं कसं होतं ते मला लिहिता येणार नाही. "म्हणू दे गं. चोर समजतात म्हणून तर सतत माझ्या तोंडाकडे बघत असतात. न बघतील तर ओठ कसे कळतील? हे बघ, मी दिग्दर्शिकाबाईंना सांगून आलोय, माझा आवाज गेलाय, चूक माझी होतेय, मला काढा. एखादा तरणा नट आणतील, खणखणीत गळ्याचा. वहिनींना ऐकू जाईल. चारच तर प्रसंग आहेत माझे."

मी हेडफोन काढले. शेडमध्ये चाळीसएक माणसं इकडेतिकडे करत होती आणि सगळं कसं कापसात गुंडाळल्यासारखं होतं. तीन वर्षं मी याला कुजबुज म्हणत होते. भाऊजींचा तो मऊ आवाज मी रोज ऐकला असं मला वाटत होतं, पण तो बहुतेक माझ्या आठवणीतलाच असावा. त्यांच्या ओठांवर मीच तो बसवत होते. आणि खरा आवाज माझ्यासमोर दोन हातांवर, माझ्यासाठी झिजत गेला, त्याचा मला पत्ता नव्हता. उलट त्याचं कात्रण मी कपाटाला लावलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गप्प राहिले असते तर काय झालं असतं, तेही मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. भाऊजी घरी जातील. मोठ्या गळ्याचा कुणी येईल. माझं वाक्य जागेवर पडेल आणि पहिल्या शॉटपासून शेवटपर्यंत मीच असेन. कुणालाही काही कळणार नाही. साउंडवाला भला माणूस होता, तो बोलला नसता. खोटं नाही सांगत, हा विचार माझ्या मनात पुरता येऊन गेला.

दिग्दर्शिका खिडकीपाशी उभी होती. निर्मात्याचा माणूस फोनवर कुणाला तरी बोलावत होता. मी फळ्यांवर चढले आणि मास्तरांनी शिकवलेल्या आवाजात म्हणाले, "भाऊजींना काढू नका. चूक त्यांची नाही. मला ऐकू येत नाही."

चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. दिग्दर्शिका जवळ आली, माझा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलली. तिचे ओठ मी लक्ष देऊन वाचले. "भाऊजी राहतील," ती म्हणाली. "तुमचं... ताई, तुमचं उद्या सकाळी बोलू." मी मान हलवली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते.

पेट्यांमागून भाऊजी आले होते. लेक त्यांच्या पाठीमागे, डोळे पुशीत. ते माझ्यासमोर थोड्या अंतरावर थांबले, छाती भरून श्वास घेतला, गळ्याच्या शिरा ताणल्या, आता ओरडणार.

मी हात वर करून त्यांना थांबवलं. चालत त्यांच्या अगदी जवळ गेले, चेहऱ्याला चेहरा लागेल इतकी.

"हळू बोला, भाऊजी," मी म्हणाले. "मी बघते आहे."